दुर्बिणीचा डेटा घेऊन बसलेल्या पोरांच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २८ फेब्रुवारी आला की विज्ञान दिनाच्या बातम्यांमध्ये खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा फोटो असतोच, ती जाळीची अवाढव्य तबकडी आणि खाली जुन्नर-आंबेगावकडच्या शाळांमधली पोरं माना वर करून बघतायत. मला तो फोटो फार आवडतो, पण आज पत्र लिहायला बसले ते त्या फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. दुर्बिणीने रात्रभर जे गोळा केलं त्याचं पुढे चित्र कसं होतं, कुठल्या सॉफ्टवेअरने होतं, आणि ते सॉफ्टवेअर ज्या पोरापोरींच्या हातात जाणार त्यांना ते जमतंय का हे आधी कुणी शेजारी बसून बघतं का. याबद्दल मराठी पेपरात काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. वारज्यात राहते, २१ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, बँकिंग, विमा, दवाखान्यांची सॉफ्टवेअरं असं सगळं केलंय. रेडिओ खगोलशास्त्राशी संबंध आला तो भाचीमुळे. ती राजगुरुनगरची, फिजिक्समध्ये एमएस्सी करते, प्रोजेक्टसाठी तिने जीएमआरटीच्या अर्काइव्हमधला एक जुना डेटा घेतला होता. बऱ्याच लोकांना माहीत नसतं पण तिथे निरीक्षण झाल्यावर ठरावीक काळ तो डेटा ज्याने वेळ मागितली त्याचा असतो आणि नंतर तो सगळ्यांना खुला होतो, म्हणजे राजगुरुनगरची मुलगीसुद्धा जगातल्या या पातळीच्या दुर्बिणीचा डेटा फुकट डाउनलोड करू शकते. ही केवढी मोठी गोष्ट आहे! तर मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली, लॅपटॉप आणि हार्डडिस्क घेऊन, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर तिने तीन दिवस काम केलं, आणि तिसऱ्या रात्री जे चित्र आलं त्यात नुसते ठिपके, कुठे काही नाही.

ती मला म्हणाली, "मावशी, माझंच काहीतरी चुकलंय."

हे वाक्य ऐकून माझ्यातली टेस्टर जागी झाली. या कामात मी हे वाक्य शेकडो लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि बहुतेक वेळा चूक त्यांची नसते.

पण आधी डेटा रिडक्शन म्हणजे काय ते सांगते, मलाही ते तिच्याकडूनच कळलं. जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, १४ खोडदला साधारण एक चौरस किलोमीटरात आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. यातली कुठलीच तबकडी फोटो काढत नाही. दोन-दोन तबकड्यांच्या सिग्नलची जोडी लावून कोरिलेटर नावाचं यंत्र आकडे काढतं, ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीचे दर काही सेकंदांनी, शेकडो-हजारो फ्रिक्वेन्सी चॅनेलमध्ये असे आकडे रात्रभर साठत राहतात. त्यांना व्हिजिबिलिटी म्हणतात. त्या आकड्यांकडे बघून आकाश दिसत नाही, त्यावर बरंच काम करावं लागतं. पहिलं काम निवडण्याचं, आपण तांदूळ निवडतो तसं, मोबाईल टॉवर, विजेच्या तारा, बंद पडलेली एखादी अँटेना (म्हणजे तबकडीच) यामुळे खराब झालेला डेटा शोधून बाजूला काढायचा, याला फ्लॅगिंग म्हणतात, आणि इथे हात सैल सोडला तर खडे राहतात आणि फार घट्ट केला तर खड्यांबरोबर चांगले दाणेही जातात. मग कॅलिब्रेशन, म्हणजे मैफिलीच्या आधी तानपुरा लावतात तसं, थ्री सी ४८, थ्री सी १४७, थ्री सी २८६ असे ज्यांची तेजस्विता चांगली मोजलेली आहे ते स्रोत बघून प्रत्येक अँटेना सुरात आणायची. त्यानंतर फूरिये ट्रान्सफॉर्म नावाचं गणित करून जे चित्र येतं त्याला चक्क डर्टी इमेज म्हणतात, कारण ३० तबकड्यांनी २५ किलोमीटरची जागा पूर्ण भरत नाही, मध्ये सगळी भोकंच आहेत आणि त्या भोकांचे डाग चित्रात उमटतात. ते डाग काढायची क्लीन नावाची रीत हॉगबोम यांनी १९७४ साली मांडली, आजही तिचीच सुधारलेली रूपं वापरतात. मग आलेल्या चित्रावरून पुन्हा कॅलिब्रेशन, पुन्हा चित्र, असे फेरे. प्रत्येक पायरीवर सॉफ्टवेअर विचारतं आणि माणसाने ठरवायचं असतं, म्हणजे हे काम बटण दाबून होणारं नाही, निर्णय घेत घेत करायचं आहे, आणि जिथे माणूस निर्णय घेतो तिथे सॉफ्टवेअरने त्याला काय सांगितलं आणि काय नाही सांगितलं याला फार महत्त्व येतं.

आता भाचीचं काय झालं ते. सॉफ्टवेअरचं नाव मी मुद्दाम घेत नाही, बनवणारी माणसं कष्टाळू आहेत आणि मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. त्या रात्रीच्या निरीक्षणाच्या नोंदीत लिहिलं होतं की सी १० ही अँटेना बंद आहे. भाचीने व्यवस्थित १० नंबर काढून टाकला. रेफरन्स अँटेना, म्हणजे जिच्या तुलनेत बाकीच्यांचे फेज (लहरी किती पुढे-मागे पोचतात ते) मोजतात ती, तिने सीनियरच्या टिपणातून ९ नंबर घेतली. त्याच्या डेटात ती उत्तम चालली होती. सॉफ्टवेअर चाललं, लाल अक्षरात काही ओळी आल्या पण त्या आधीच्या पायऱ्यांवरही येत होत्या आणि त्यांनी काही बिघडलं नव्हतं, म्हणून तिने त्या सोडून दिल्या, शेवटी काम पूर्ण झाल्याचा मेसेज आला, आणि मग ते रिकामं चित्र.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं तू पहिल्यापासून सगळं परत कर, मी काही बोलणार नाही, फक्त तू जे करतेस ते मोठ्याने सांगत राहा. ही आमच्या टेस्टिंगमधली जुनी पद्धत आहे. सुरुवातीला ती इंग्रजीत सांगायला लागली, कारण कॉलेजात प्रेझेंटेशन तसंच देतात, आणि दर दोन वाक्यांनी गप्प व्हायची. मी म्हटलं, अगं आईला सांगतेस तसं सांग. मग सुटलीच ती, "आता मी हे करतेय, का ते मला नक्की माहीत नाही पण दादाने सांगितलंय म्हणून करतेय, इथे दरवेळी भीती वाटते, हा आकडा कुठून येतो कळत नाही म्हणून मी तोच ठेवते." एका तासात माझी चार पानं भरली. हे सगळं इंग्रजीत कधीच बाहेर आलं नसतं, आणि जी टेस्टिंग होते ती बहुतेक इंग्रजीतच होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग अँटेनांची यादी आली. मी म्हटलं एकेक नाव वाच. ती वाचायला लागली, सी शून्य शून्य, सी शून्य एक, असं करत करत सी शून्य सहा, सी शून्य आठ... आणि थांबली. खोडदच्या मधल्या भागात सी शून्य सात नावाची अँटेनाच नाही! नावं सी ०० पासून सी १४ पर्यंत जातात पण सात गाळून, म्हणून तिथे १५ नाही, १४ आहेत. आणि सॉफ्टवेअर आपला स्वतःचा नंबर शून्यापासून सलग देतं. म्हणजे सी ०६ पर्यंत नाव आणि नंबर जुळतात आणि तिथून पुढे एकाने सरकतात, त्यामुळे १० नंबर म्हणजे सी ११, आणि सी १० चा नंबर ९. तिने चांगली चाललेली सी ११ काढून टाकली होती आणि बंद पडलेली सी १० नुसती ठेवली नव्हती, तर तिलाच रेफरन्स धरून बाकीच्या २८ अँटेना तिच्या सुरात लावायला बसली होती. जिचा तानपुरा मुका आहे तिच्याशी सूर लावायचा म्हटल्यावर काय होणार, कॅलिब्रेशनची उत्तरं धड आलीच नाहीत, आणि उत्तरं नाहीत म्हणून पुढच्या पायरीवर सॉफ्टवेअरने त्यावर अवलंबून असलेला बराचसा डेटा खराब ठरवून बाजूला टाकला.

नंबर दुरुस्त केले, रात्रभर मशीन चालू ठेवलं, आणि सकाळी चित्र आलं. दोन बाजूंना फुगत गेलेले रेडिओ ढग आणि मध्ये एक बारीक ठिपका, ती आकाशगंगा. भाची टेबलावर डोकं ठेवून रडली. मीही थोडी रडले.

आता टेस्टर म्हणून माझं म्हणणं असं की यात प्रोग्राममध्ये बग म्हणावा असा एकही नाही. डेव्हलपरने लिहिलेली प्रत्येक टेस्ट पास झाली असती. नाव दिलं असतं तर बरोबर चाललं असतं, नंबर दिला तर नंबराप्रमाणे बरोबर चाललं. फक्त "तुम्ही दिलेली रेफरन्स अँटेना जवळपास पूर्ण वेळ बंद आहे, पुढे जायचं का" एवढं एक वाक्य, आणि नंबराच्या शेजारी नाव छापणं, एवढ्याने एका मुलीचे चार दिवस वाचले असते. ही गोष्ट सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला सुचत नाही कारण त्याला ती यादी पाठ असते. ती फक्त पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या शेजारी बसल्यावर दिसते, आणि तेही तो गप्प बसतो तेव्हा.

मला हे फार वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कामात कळलं. सॉफ्टवेअर इथे पुण्यात आम्ही कसून तपासलं होतं, सगळं हिरवं, आणि तालुक्याच्या शाखेतून मात्र रोज तक्रार की हिशोब जुळत नाही. शेवटी मला तिकडे पाठवलं. मी दोन दिवस कॅशियर बाईंच्या मागे खुर्ची टाकून बसले. त्यांच्या मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली, "आधी एफ पाच, मग थांबा, मगच एंटर." ती चिठ्ठी म्हणजे खरा टेस्ट रिपोर्ट होता, आमच्या शेकडो टेस्ट केसमध्ये जे नव्हतं ते त्या चिठ्ठीत होतं. बाईंनी कधी कळवलं नाही कारण त्यांना वाटायचं आपल्यालाच कॉम्प्युटर येत नाही. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी चिठ्ठ्या बघते. भाचीच्या लॅपटॉपवर पण होती, पिवळी, "लाल आलं तरी घाबरू नकोस." ती वाचून मला कसंतरीच झालं, कारण याचा अर्थ असा की सॉफ्टवेअर इतक्या वेळा उगाच लाल दाखवतं की पोरं खऱ्या लाल ओळीकडेही बघेनाशी होतात.

रेडिओ खगोलशास्त्रातल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही हे मला नंतर वाचताना कळलं. एप्स नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेत १९७८ मध्ये सुरू झालं, फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतलं, कामांची नावं पाच अक्षरांत बसवलेली, आणि जगभरच्या पिढ्यांनी त्यावर काम केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अनेक संस्था एकत्र येऊन त्याच्या जागी सी प्लस प्लसमध्ये नवं लिहायला बसल्या, मोठं काम होतं, पण बरेच खगोलशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं जुन्या एप्सवरच राहिले, हाताला सवय झालेली गोष्ट माणूस सहज सोडत नाही. त्याच नव्या कामातून पुढे कासा आलं, जे आज सगळीकडे वापरतात, पायथनमधून चालतं. आणि चिलीमध्ये ५००० मीटर उंचीवर ६६ अँटेनांची आल्मा दुर्बीण उभी राहत होती तेव्हा, ३० सप्टेंबर २०११ ला तिचं शास्त्रीय निरीक्षण सुरू झालं त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून, हे सॉफ्टवेअर बाहेरच्या खगोलशास्त्रज्ञांना वापरायला देऊन त्यांच्याकडून तपासून घेतलं गेलं. म्हणजे दुर्बीण पूर्ण व्हायची होती पण डेटा हाताळणाऱ्यांची परीक्षा, खरं तर सॉफ्टवेअरची परीक्षा, चालू होती. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. फक्त त्यात बसणारे बहुतेक अनुभवी लोक असतात, आणि अनुभवी माणूस खड्डा दिसला की न बोलता वळसा घालून जातो. खड्ड्यात पडणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असतो, म्हणून त्याला बसवायला हवं.

कुणी म्हणेल की आता सगळं ऑटोमॅटिक पाइपलाइनने, म्हणजे सगळ्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या प्रोग्रामने, होतं, मग विद्यार्थ्याला एवढं कशाला कळायला हवं. पाइपलाइन हवीच, मी तिच्या बाजूची आहे. जीएमआरटीवरच २०१० ते २०१२ मध्ये १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० टक्के आकाशाचं सर्वेक्षण झालं, टीजीएसएस म्हणतात त्याला, आणि त्या सगळ्या डेटाची चित्रं स्पॅम नावाच्या ऑटोमॅटिक पाइपलाइनने करून संपूर्ण यादी प्रसिद्ध झाली ती निरीक्षण संपल्यावर काही वर्षांनी, ६ लाखांहून जास्त स्रोतांची. म्हणजे आकाश बघून झालं होतं पण सॉफ्टवेअरशिवाय ते जगाला दिसलं नव्हतं. कमी फ्रिक्वेन्सीला आयनोस्फियर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, चित्र हलवतो, वाहत्या पाण्यातून तळाचा दगड बघावा तसं, आणि स्पॅमने ते सुधारून दाखवलं, फार मोलाचं काम झालं ते. पण पुढचा भाग पण महत्त्वाचा आहे. यादी वापरायला लागल्यावर इतरांनी दुसऱ्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिलं तेव्हा आकाशाच्या काही भागांत तेजस्वितेचे आकडे पद्धतशीर सरकलेले आहेत हे लक्षात आलं, आणि त्यावर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. हे कुणाला दिसलं, तर ज्यांनी वापरलं त्यांना.

आणि याहून मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. भाचीचं चित्र रिकामं आलं म्हणून निदान कळलं तरी. पण सेल्फ कॅलिब्रेशन नावाची जी पायरी आहे, चित्रावरून पुन्हा कॅलिब्रेशन करायची, तिच्यात सिग्नल फार कमजोर असेल आणि तुम्ही मध्ये एक ठिपका आहे असं धरून चाललात, तर नुसत्या गोंगाटातून सॉफ्टवेअर तुम्हाला मध्ये ठिपका काढून देऊ शकतं. आकाशात काही नसताना! हे तज्ज्ञांना माहीत आहे, त्यावर अभ्यास झालेत. पण पहिल्यांदा करणाऱ्या मुलाला सुंदर ठिपका दिसला तर तो आनंदाने गाइडकडे धावेल, आणि सॉफ्टवेअर तिथे गप्प. टेस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर क्रॅश होणारं सॉफ्टवेअर परवडलं, शांतपणे चुकीचं उत्तर देणारं नाही. म्हणून यूजर टेस्टिंगमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याकडून करून बघायच्या तपासणीत, खोटं आकाश द्यायला हवं, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेला डेटा ज्यात काय आहे ते आपल्याला आधीच माहीत आहे, आणि एखाद्यात मुद्दाम काहीच नाही, आणि मग बघायचं की मूल त्यातून काय शोधून काढतं आणि सॉफ्टवेअर त्याला कुठे सावध करतं.

डेमोसाठी जो डेटा देतात तो अगदी धुतल्या तांदळासारखा असतो हाही प्रश्न आहे. सगळ्या अँटेना चालू, रात्र शांत. खरा डेटा तसा नसतो, चार अँटेना दुरुस्तीला, दुपारचं ऊन, कुठेतरी ठिणग्या उडणारी तार, आणि अपग्रेडनंतर तर जीएमआरटीची बँडविड्थ, म्हणजे एका वेळी बघता येणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेलीये, म्हणजे पूर्वी ज्या फ्रिक्वेन्सी बघतच नव्हतो त्यातला सगळा गोंगाटही आता आत येतो. टेस्टिंग त्याच खराब डेटावर व्हायला हवं. आणि ते एका दुपारचं काम नाही. वेबसाइटसाठी पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी सापडतात असं याकोब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं आणि आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांना पाठ आहे, पण इथे एक पायरी रात्रभर चालते, सकाळपर्यंत माणूस विसरतो की काल हा आकडा का टाकला होता. इथे आठवडाभर सोबत राहावं लागेल, वही ठेवायला लावावी लागेल, कुठे थांबला, कुणाला फोन केला, कुठलं टिपण उघडलं, कुठे नुसतं कॉपी-पेस्ट केलं. सीनियरचं टिपण ही या क्षेत्रातली चिठ्ठीच आहे, प्रत्येक ग्रुपमध्ये एक फाइल फिरत असते, ती गोळा करून वाचली तरी अर्धं टेस्टिंग होईल असं मला वाटतं.

संपादक साहेब, हे सगळं पुण्यातच का लिहितेय, तर दुर्बिणीची माणसं आणि टेस्टर, या दोन्ही गोष्टी एकाच गावात दुसरीकडे कुठे आहेत? विद्यापीठाच्या आवारात जीएमआरटी चालवणारी एनसीआरए ही संस्था आहे, खगोलशास्त्राचीच आयुका आहे, नाशिक रोडने ८० किलोमीटर गेलं की नारायणगाव आणि खोडद. जीएमआरटी उभारणाऱ्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी जाळी आणि दोऱ्यांची तबकडी काढली, कमी पैशात, आपल्या वाऱ्या-पावसात टिकेल अशी, आणि २०२० मध्ये ते गेले तोवर याच गावात राहिले. आणि दुसरीकडे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तिथे माझ्यासारखे किती टेस्टर रोज बसने जातात-येतात. दोघांची गाठ अजिबात पडत नाही असं नाही, एसकेए नावाच्या जागतिक दुर्बिणीच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचं काम एनसीआरएच्या नेतृत्वाखाली झालं आणि त्यात टीसीएस, पर्सिस्टंट या कंपन्या होत्या, याचा पुणेकर म्हणून अभिमानच आहे. पण ते दुर्बीण चालवण्याचं झालं. डेटा वापरणाऱ्या मुलांचं काय? एसकेएमध्ये दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ अँटेना असणार आहेत, वर्षाला ७०० पेटाबाईटच्या (एक पेटाबाईट म्हणजे दहा लाख जीबी) आसपास डेटा साठेल असं सांगतात. तो कुणी घरी डाउनलोड करू शकणार नाही. म्हणजे मशीनच रिडक्शन करणार आणि मुलांच्या हातात तयार चित्र येणार, आणि तेव्हा चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे ओळखायची मुलांची एकमेव खिडकी म्हणजे ते सॉफ्टवेअर काय सांगतं ती. २०२४ च्या सुरुवातीला आपल्या सरकारची यासाठी १२५० कोटींची मंजुरी जाहीर झाली. माझी विनंती एवढीच आहे की त्यातून जे काही सॉफ्टवेअर आणि डेटा सेंटर इथे उभं राहील त्यात यूजर टेस्टिंग ही वेगळी ओळ असावी, तिला वेगळा माणूस असावा, वेगळा वेळ असावा, रिलीजच्या आदल्या आठवड्यात दोन पोरांना बोलावून "बघा रे जरा" असं नको.

आणि टेस्टिंग करणाऱ्या मुलांना त्याचं श्रेय मिळावं. भाचीच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये त्या चार दिवसांना जागा नाही, गाइड चांगले आहेत तरी म्हणाले अडचणींचं लिहू नकोस, रिझल्ट लिही. मी त्यांना दोष देत नाही, पद्धतच तशी आहे. पण एखादी मुलगी नाव-नंबराचा घोळ शोधून काढते तेव्हा तिने पुढच्या कितीजणांचे दिवस वाचवले, रिलीज नोटमध्ये तिचं नाव यायला काय हरकत आहे? छोट्या कॉलेजच्या मुलीला तेवढं नाव पुढे अर्ज करताना केवढं कामाला येईल.

आम्ही दोघींनी मिळून सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमला मेल लिहिला, कुठल्या पायरीवर काय दिसलं, काय अपेक्षित होतं, लॉग फाइल जोडून, आमच्या बग रिपोर्टच्या शिस्तीत. तिचा हात थरथरत होता सेंड करताना, म्हणाली मावशी ते हसतील. दोन दिवसांत उत्तर आलं, फार सभ्य, आभार मानले होते, आणि लिहिलं होतं की हे आजवर आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. मला खात्री आहे त्या खड्ड्यात आधी पण कित्येकजण पडले असणार, आणि प्रत्येकाला वाटलं असणार माझंच चुकलं. डेव्हलपर ऐकायला तयार आहेत, हातात माणसं थोडी आहेत त्यांच्या, पण तयार आहेत. सांगणारा तिथपर्यंत पोचत नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. महिन्यातले दोन शनिवार मी देऊ शकते, आणि मी ऑफिसात विचारलं तर आणखी तिघी तयार झाल्या, एकीला फिजिक्सचा गंधही नाही पण शेजारी बसून गप्प राहणं तिच्याइतकं कुणाला जमत नाही, आणि या कामाला तेच लागतं. पुणे, मंचर, जुन्नर, राजगुरुनगरच्या कॉलेजांमधल्या ज्या मुलामुलींनी रेडिओ डेटा घेऊन काम सुरू केलंय आणि अडलेत, त्यांच्या शेजारी आम्ही बसू, मराठीत बोलू, लिहून घेऊ आणि नीट लिहून ते संबंधितांना पाठवू. जागा हवी, एखाद्या कॉलेजची लॅब किंवा वाचनालयाची खोली सुद्धा चालेल, प्लग पॉइंट आणि बरं इंटरनेट असलं म्हणजे झालं. संस्थांमधल्या कुणी हे वाचलं तर खराब डेटाचे दोन-तीन छोटे संच आणि एक खोटं आकाश तेवढं द्यावं, बाकी आम्ही बघतो. आपल्या पेपरने हे पत्र छापलं आणि कुणी विचारणा केली तर कृपया माझ्याकडे पाठवावी, पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे.

भाची पुढच्या आठवड्यात परत येतेय, यावेळी दुसरा डेटा आहे, आणि त्या रात्री पाच अँटेना बंद होत्या. यादी नावांनिशी छापून ठेवलीये.

आपली नम्र,
एक सॉफ्टवेअर टेस्टर
वारजे, पुणे